साठीनंतर केनियात सेवेला: दिवस कसा जातो आणि कुठे अडतं

विचारणा थोडक्यात अशी. सोलापूरचं एक जोडपं. सर ६७ वर्षांचे, माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त. सिस्टर ६३ वर्षांच्या, परिचारिका म्हणून निवृत्त. मंडळीतर्फे पश्चिम केनियात, किसुमूजवळच्या एका खेड्यात १८ महिने सेवेला जायचं घाटतंय. तिथे मंडळीची शाळा आहे, छोटा दवाखाना आहे. सरांना रक्तदाब, सिस्टरना मधुमेह, दोघांनाही गोळ्या चालू. दिवस नेमका कसा जातो आणि काय काय चुकतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचंय.

सर, सिस्टर, जय ख्रिस्त.

निघताना सगळे विचारतात, उपदेश कोण करणार, गायनं कुठल्या भाषेत म्हणणार. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा हिस्सा पाणी उकळण्यात, भाजी आणण्यात, कपडे वाळवण्यात, गोळ्या घेण्यात आणि दुपारी आडवं होण्यात जातो. साठीपुढच्या माणसाने यालाच कामाचा पाया समजावं. हा पाया बसला तर रोजचं चार तासांचं काम १८ महिने निभावतं. पहिल्याच महिन्यात आठ-आठ तास धावलात तर चौथ्या महिन्यात एकजण आजारी आणि दुसरा चिडचिडा, अशी गत होते. म्हणून मंगळवार ते शनिवार रोज चार तास, रविवारी उपासना, सोमवारी पूर्ण सुट्टी, हे निघण्याआधीच मंडळीकडून कागदावर घ्या. तोंडी ठरलेलं तिथे पोचेपर्यंत विरतं.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची. दोघांना दोन वेगळी कामं हवीत, नाव घेऊन सांगता येतील अशी. ‘सर शाळा बघतील आणि सिस्टर मदतीला असतील’ ही रचना हमखास फसते. सरांचा दिवस भरतो, सिस्टर दिवसभर परक्या गावात एका खोलीत. त्यात तिथे वयाचा मान फार. घरी बोलावलं की पाहुण्या ‘मामा’ला, म्हणजे वडीलधाऱ्या बाईला, स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. उभं आयुष्य कामात गेलेल्या बाईला हा मान आठवडाभर गोड लागतो, मग टोचतो.

कामाच्या बाबतीत कायदाही पाहा. केनियात शाळेवर शिकवायचं तर टीचर्स सर्व्हिस कमिशनची नोंदणी लागते, आणि परिचारिका म्हणून काम करायचं तर नर्सिंग कौन्सिल ऑफ केनियाचा परवाना लागतो. सोलापुरातला तीस वर्षांचा अनुभव तिथे परवाना ठरत नाही. परवाना हातात नसेल तर सिस्टरनी इंजेक्शन द्यायचं नाही, सलाईन लावायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. औषधसाठ्याची वही, मुदत संपत आलेली औषधं पुढे काढून ठेवणं, हात धुण्याची शिस्त, गरोदर बायकांच्या तपासणीच्या तारखांची यादी, ही कामं परवान्याशिवाय होतात आणि छोट्या दवाखान्यात नेमकी हीच पडून असतात. सरांनी वर्ग घेण्यापेक्षा तिथल्या गणिताच्या शिक्षकांसोबत बसावं. तुम्ही परतल्यावरही तेच वर्गावर असणार आहेत.

व्हिसाचंही तसंच. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी आणली. ती पाहुण्यासाठी. तिच्यावर सेवाकार्य, बिनपगारी असलं तरी, करता येत नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी ‘क्लास आय’ वर्क परमिट लागतं आणि ते तिथल्या नोंदणीकृत संस्थेने तुमच्यासाठी मागायचं असतं. ९० दिवसांहून जास्त राहायचं तर परदेशी नागरिक म्हणून कार्डही काढावं लागतं. ‘आधी या, मग बघू’ असं कुणी म्हटलं तर तिकीट काढू नका.

आता दिवस. किसुमू विषुववृत्ताला खेटून आहे, त्यामुळे वर्षभर साडेसहाच्या आसपास उजाडतं आणि पावणेसातच्या सुमाराला सूर्य बुडतो. मे महिन्यातली आपली लांबलेली संध्याकाळ तिथे नाही, अंधार झपकन पडतो. उन्हाची मात्र धास्ती नको. सोलापूरचा ४२-४३ अंशांचा उन्हाळा काढलेल्या माणसाला तिथलं ३० अंश काहीच वाटत नाही. त्रास होतो तो दमटपणाचा आणि चिखलाचा. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, आणि जवळच्या व्हिक्टोरिया सरोवरामुळे पावसाची सर दुपारनंतर येते. तांबडी माती भिजली की साबणासारखी होते. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सेवा तिथेच संपते, म्हणून घरातून संडासापर्यंतची वाट आधी बघा. तिथे खडी टाकून घ्या, धरायला बांबू रोवून घ्या, आणि चप्पल सोडून खाचांच्या रबरी तळव्याचे बूट वापरा. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, बसायचं नाही. ती स्वस्त असते, दारात येते, म्हणून मोह होतो.

चालणारी दिनचर्या साधारण अशी: साडेपाचला उठणं, प्रार्थना, पाणी उकळायला ठेवणं. सातला न्याहारी आणि गोळ्या. साडेआठ ते साडेबारा काम. एकला जेवण, तीनपर्यंत आराम. मग बाजार किंवा एखाद्या घरी भेट. साडेसहाच्या आत घरात. सात वाजता तिथून फोन लावला की सोलापुरात साडेनऊ झालेले असतात, नातवंडं जेवून मोकळी असतात. नऊला मच्छरदाणीत.

वेळेचा एक घोळ पहिल्या आठवड्यात होतोच. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. कुणी ‘सा न्ने’ला बैठक आहे म्हणाला, तर न्ने म्हणजे चार, पण बैठक आपल्या दहाला. सोपी खूण म्हणजे काट्यांच्या घड्याळात सांगितलेल्या आकड्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा: चारसमोर दहा, तीनसमोर नऊ. इंग्रजीत वेळ सांगितली तर नेहमीचीच. शंका आली की सकाळी की दुपारी तेही विचारा.

बाकी स्वाहिली ऐकताना घरचेच शब्द भेटतात. पेसा, दुका, गारी, चाय, चपाती, हेसाबू, किताबू, दुनिया. अरबी आणि हिंदी दोन्ही वाटांनी आलेले आहेत. किसुमूपर्यंत रेल्वे पोचली १९०१ मध्ये, आणि ती बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते. त्यामुळे किसुमू शहरात हिंदी माणसांची जुनी दुकानं सापडतात. खेड्यात मात्र लुओ भाषा. ‘एरोकामानो’ म्हणजे आभारी आहे, एवढं पहिल्या दिवशी शिकलात तरी चेहरे उजळतात. नमस्कार घाईत उरकू नका. तब्येत, घर, मुलं, पाऊस विचारून झाल्याशिवाय कामाचं बोललं की माणूस उद्धट वाटतो.

मलेरियावर जरा थांबतो. योहान लुडविग क्राफ हे जर्मन मिशनरी १८४४ मध्ये मोंबासाला उतरले आणि दोनेक महिन्यांतच तापाने त्यांची पत्नी व तान्ही मुलगी गेली. आज औषधं आहेत, पण सरोवराकाठचा मलेरिया तोच आहे, फाल्सिपेरम जातीचा, वेळ न देणारा. गावकरी ‘होतो थोडा ताप’ म्हणून हिंडताना दिसतील. लहानपणापासून वारंवार होऊन त्यांच्या अंगात काही प्रतिकार आलेला असतो. आपल्यात तो नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. ‘उद्यापर्यंत बघू’ हे सोलापुरात चालतं, तिथे नाही.

प्रतिबंधक गोळी कोणती, हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्यापुढे तीन गोष्टी ठेवा. पहिली, सिस्टरचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी. मधुमेहाने मूत्रपिंड फार कमजोर झालं असेल तर ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल देत नाहीत. दुसरी, कॅल्शियम आणि लोह. या वयात बहुतेकजणी त्या गोळ्या घेतात, आणि त्यांच्यासोबत डॉक्सिसायक्लिन घेतलं तर ते पोटात नीट शोषलं जात नाही. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. तिसरी, डॉक्सिसायक्लिन झोपताना घ्यायचं नाही. गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते. न्याहारीसोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दोन्ही गोळ्या निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात. परतल्यावर ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस आणि डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे चालू ठेवावं लागतं.

मच्छरदाणी दोघांत एक घेऊ नका. या वयात रात्री दोन-तीनदा उठणं होतं. एकजण उठला की जाळी उघडते आणि झोपलेल्याला डास खातात. दोन खाटा, दोन औषधी जाळ्या, कडा गादीखाली खोचलेल्या. उशाशी टॉर्च, आणि बूट उलटे करून ठेवायचे, घालण्याआधी झटकायचे. सरोवरात पाय बुडवायचे नाहीत, कितीही शांत दिसलं तरी. काठच्या पाण्यातल्या गोगलगाईंमधून बाहेर पडलेले बिल्हार्झिया या रोगाचे जंतू कातडीतून शरीरात शिरतात.

रोजची औषधं मूळ पाकिटातच न्या, तीन महिन्यांची, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं हवं: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड. आपल्याकडची कंपनीची नावं तिथल्या दुकानदाराला कळणार नाहीत. अर्धी-अर्धी दोन्ही पिशव्यांत ठेवा, आणि विमानात हाताशी महिन्याभराची. जुलाब-उलट्या लागल्या तर टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन थांबवायचं का, किती दिवस, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

पुढेमागे इन्सुलिन लागलं तर एक फरक ध्यानात असू द्या. सोलापूरच्या कोरड्या हवेत ओल्या फडक्याने गुंडाळलेला माठ झकास गार राहतो, कारण पाणी भराभर उडतं. सरोवराकाठच्या दमट हवेत ते उडतच नाही, आणि माठातली बाटली हवी तेवढी गार होत नाही. वीज जाते तिथे दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजवर विसंबणंही बरं नव्हे, तो लसींसाठीच असतो. चांगला थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या न्या.

रविवार हा मधुमेह्याचा परीक्षेचा दिवस. न्याहारी सातला, उपासना दहाला सुरू, तीन-चार तास चालते, मग पाहुण्यांचं स्वागत, भाषणं, जेवायला अडीच-तीन. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी सकाळी घेतलेली असते, त्यामुळे बाराच्या पुढे साखर उतरू शकते. घाम, हातांना कंप, डोकं हलकं, आणि समोर मंडळी टाळ्या वाजवत गातेय. पिशवीत साखर ठेवा. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरने बघायचं, मग बिस्किट किंवा केळं. अकराच्या सुमाराला चार शेंगदाणे तोंडात टाकले तर बहुतेकदा ही वेळच येत नाही. उपासनेत खाणं वाईट दिसेल म्हणून संकोच असेल तर पाळकांना आधीच सांगून ठेवा. उपासनेनंतर दुधाचा भरपूर साखरेचा चहा येतो. तो नाकारणं कठीण, अर्धा कप घेऊन कप हातात धरून ठेवणं सोपं.

खाण्याचं मात्र सोलापूरकराने फार मनाला लावून घेऊ नये. पश्चिम केनियात ज्वारी पिकते. तिला म्हणतात ‘म्तामा’. नाचणी म्हणजे ‘विंबी’. मूग म्हणजे ‘न्देंगू’, चवळी ‘कुंदे’, राजमा ‘महाराग्वे’, भुईमुगाच्या शेंगा ‘न्जुगू’. एवढी यादी पाठ असली की बाजारात अर्धं काम झालं. तयार पीठ मात्र घेऊ नका. ते पेजेसाठी असतं, त्यात नाचणी नाहीतर कसावा मिसळलेला असतो आणि भाकरी थापताना भेगाळते. दाणे घ्या, निवडा आणि गावच्या ‘पोशो मिल’मध्ये, म्हणजे पिठाच्या गिरणीत, दळून आणा. तिथे दिवसभर मका दळतात, म्हणून पहिलं अर्धा किलो पीठ वेगळ्या पिशवीत धरा, ते आंबिलीला चालतं. तिथली ज्वारी बरीचशी तांबूस, किंचित तुरट. मंगळवेढ्याच्या मालदांडीची चव तिच्यात शोधू नका. पीठ आठवड्यापुरतंच दळा. दमट हवेत लवकर विरी जाते आणि भाकरी तुटते. तरी तुटलीच तर उकड काढा: दोन वाट्या पिठाला जवळपास दोन वाट्या उकळतं पाणी, चिमूट मीठ, दहा मिनिटं झाकून, मग कोमट असताना रगडून मळायचं. पोळ्यांसाठी ‘आटा मार्क वन’ मागा.

शेंगाचटणी तिथे उत्तम होते, लाकडी उखळ (‘किनू’) मिळतं आणि कुटलेल्या चटणीला मिक्सरपेक्षा तेलही छान सुटतं. फक्त दाणे पारखून घ्या. सुरकुतलेला, काळपट, बुरशी आलेला एकेक दाणा काढून टाका आणि तयार कूट कधीच घेऊ नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजून पूर्ण जात नाही. २००४ मध्ये केनियात बुरशी आलेल्या मक्याने सव्वाशे माणसं दगावली होती. मकाही कोरडा खडखडीत असेल तरच घ्या.

सोलापुरातून न्यायचं ते एवढंच: काळं तिखट किलोभर, पहिल्या पंधरा दिवसांपुरती कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि प्रेशर कुकर, सोबत दोन जादा रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. किसुमू समुद्रसपाटीपासून ११०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं आणि राजमा उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. आपल्या कुकरची रिंग खेड्यात मिळणं अवघड. गॅसचे सिलिंडर ६ आणि १३ किलोचे येतात, रेग्युलेटर तिथलाच घ्या.

पाण्याची शिकवण सोलापूरकराला द्यावी लागत नाही, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी पुरवून वापरायची सवय असतेच. तिथे छतावरचं पावसाचं पाणी टाकीत घेतात. खंड पडून पाऊस आला की पहिली दहा मिनिटं नळी टाकीबाहेर सोडा, छतावरची घाण धुऊन जाऊ द्या. पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे, तासभर उकळत ठेवून गॅस जाळू नका. टाकीला जाळी हवीच, नाहीतर डास पाळल्यासारखं होईल.

पैशाच्या बाबतीत भिडस्त माणसांची फार ओढाताण होते. शाळेची फी, औषध, मयत, छप्पर. मागणारा खोटा नसतो, पण एकाला घरी रोख दिलं की दुसऱ्या दिवशी दारात पाचजण. नियम पहिल्या आठवड्यात जाहीर करा: मदत मंडळीच्या समितीमार्फत, पावती घेऊन, आणि दोघांनी एकमेकांना विचारल्याशिवाय कुणालाही हो म्हणायचं नाही. ‘घरी विचारून सांगतो’ हे उत्तर तिथेही सन्मानाचं समजतात. व्यवहार सगळे एम-पेसावर, म्हणजे फोनवरच्या पैशावर चालतात. ‘चुकून पैसे आले, परत पाठवा’ असा मेसेज आला तर मेसेजवर जाऊ नका, खात्यातली शिल्लक बघा. बहुतेकदा काहीच आलेलं नसतं.

इकडची बाजू. सोलापूरचं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, म्हणून रोमिंग चालू करून, दोन सिमच्या फोनमध्ये, रिचार्जची तारीख मुलाकडे लिहून द्या. पेन्शनसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला नैरोबीच्या भारतीय उच्चायुक्तालयातून घेता येतो. नैरोबी किसुमूहून रस्त्याने सात-आठ तास दूर, तेव्हा तो प्रवास वैद्यकीय तपासणीला जोडून घ्या. नैरोबीत जून ते ऑगस्ट चक्क स्वेटर लागतो. विमा घेताना ‘आधीपासूनचे आजार’ आणि विमानाने हलवण्याचा खर्च हे दोन्ही कलमं वाचूनच सही करा. घराच्या नळाचा मुख्य कॉक बंद करून जा. नळ उघडा राहिला आणि पाणी पाचव्या दिवशी रात्री आलं, तर शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत ओल पोचेल.

शेवटचं यलो फीव्हरचं, कारण यात परतताना अडकायला होतं. भारतातून केनियाला जाताना यलो फीव्हरची लस घेतल्याचा दाखला सहसा कुणी मागत नाही, म्हणून लोक लस घेतच नाहीत. पण केनिया यलो फीव्हरच्या यादीत आहे, आणि तिथून भारतात येताना वैध दाखला नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध धरतात आणि आयुष्यभर चालतो. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, मुंबईला आहेत, आणि तारीख आधी घ्यावी लागते. मात्र साठीपुढे या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून दोघांनीही डॉक्टरांशी बोलून मगच टोचून घ्या. दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टला रबर लावून ठेवा. आणि परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर सोलापुरातल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही केनियाहून आलोय. ते न सांगितल्यास डेंग्यूची तपासणी होईल आणि मलेरियाची राहून जाईल.